मामांना न सांगता बसवलेला सर्व्हो

जावयाने सासऱ्याला काय सांगावं आणि काय गिळावं, याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नसतात. पण एखादा मोडला की बारशापासून मयताच्या गंधमुक्तीपर्यंत सगळ्या पंगतींत त्याची चर्चा होते. प्रशील हे नियम पाळण्यात तरबेज होता. जळगावच्या एका पतसंस्थेत तो वसुलीला होता. माणसाला त्याच्याबद्दलचं खरं तोंडावर सांगितलं की हप्ता तर येत नाहीच, पुढ्यातला चहाही आत जातो, हे तो नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात शिकला होता.

त्या रविवारी धुळ्याच्या एसटीत तो मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बसला होता. खोक्यात रिमोटवर पळणारी गाडी होती. गाडी त्याची, पण ती चालवायचे त्याचे सासरे. आणि गाडीच्या पोटात त्याने शुक्रवारी जे बसवलं होतं, ते सासऱ्यांना ठाऊक नव्हतं.

"पप्पांना सांगितलंस?" शेजारी बसलेल्या समीक्षाने विचारलं. नवऱ्याच्या तोंडावरून ती त्याचं पोट ओळखायची.

"काय?"

"जे सांगायचंय ते."

"सांगतो ना. वेळ पाहून."

"पारोळा गेलं. आता वेळ कुठे पाहणार, धुळ्याच्या पुढे लळिंगला?"

प्रशीलने खोकं जरा जवळ ओढलं.

सासरे म्हणजे पितांबर मामा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या घट्ट केल्या, शेजाऱ्याच्या स्कूटरचे ब्रेक न विचारता आवळले, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा गच्चीवर बसून हायवेच्या गाड्या ऐकू लागले. गिअर कुणाचा चुकला ते खाली सासूबाईंना ओरडून सांगायचे. अशात एका दिवाळीला प्रशील आपली गाडी घेऊन गेला आणि गंमत म्हणून रिमोट त्यांच्या हातात दिला. तो त्याला परत मिळाला नाही. पुढे दर रविवारी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या अंगणात, अशा गाड्यांचं सामान विकणाऱ्या भूपेंद्रभाऊंच्या शर्यतीत, पितांबर मामांचं नाव लागायला लागलं. घरातल्या कड्या पुन्हा ढिल्या झाल्या आणि सासूबाईंनी देवाचे नाही, पण जावयाचे आभार मानले.

अडचण एका वळणाची होती. ठिबकच्या जुन्या नळ्या अंथरून भूपेंद्रभाऊंनी रस्ता आखला होता. तो कापसाच्या गाड्या तोलायच्या काट्यापाशी एकदम उजवीकडे मुडपायचा. मामांची गाडी तिथे दर खेपेला आतल्या नळीवर चढायची. गेल्या महिन्यात ती नळी उडवून थेट बघ्यांत घुसली आणि एकाच्या घोट्यावर आदळली. भूपेंद्रभाऊंनी सगळ्यांसमोर, पण हात जोडून सांगितलं, "आबा, अजून एकदा काट्यापाशी नळी उडाली, तर रिमोट दुसऱ्याकडे द्यावा लागेल. माझ्या जागेत लोकांचे पाय मोडायला नको." मामा घरी येऊन जेवले, भाजीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सासूबाईंनी रात्रीच समीक्षाला फोन केला.

मामांचं निदान ठाम होतं. "जावईबापू, स्टेअरिंगमधे दम नाही. उशिरा वळतं. आपण मोठा सर्व्हो टाकू."

सर्व्हो ही काडेपेटीहून थोडी मोठी डबी. इकडे रिमोटचं चाक फिरवलं की तिकडे त्या डबीतली मोटर गाडीची पुढची चाकं वळवते. गाडीचं मनगटच म्हणा. भूपेंद्रभाऊंच्या दुकानात त्याच्या डब्या ओळीने लटकलेल्या असतात, आणि प्रत्येकीवर दोन आकडे छापलेले: जोर किती आणि चपळाई किती. गिऱ्हाईक मोठा आकडा पाहतो. भूपेंद्रभाऊही त्याला तोच पाहू देतात. मामांनी लोखंडी दातांचा, सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात चपळ सर्व्हो निवडला. भूपेंद्रभाऊ म्हणाले, "आबा, याच्या पुढे निस्तं विमान आहे." मामा त्या दिवशी दुकानातून नवरदेवासारखे उतरले.

सरावात गाडी नळीवर आधीपेक्षा लवकर चढली.

मामा म्हणाले, अजून मोठा पाहू. प्रशील म्हणाला, पाहू. पण जळगावला परतल्यावर त्याने मोबाइलवर घेतलेला सरावाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, गाडीकडे नाही, मामांच्या हाताकडे. कर्जदाराच्या कागदाकडे कमी आणि हाताकडे जास्त पाहावं, ही त्याची जुनी सवय. आणि ते त्याला दिसलं. काटा अजून लांब असतानाच मामांचा हात वळायला लागत होता. जुन्या एसटीचं ते अवजड चाक ज्याने उभी हयात फिरवलं, त्याचा हात वळणाची वाट पाहत नाही. तो आधी निघतो, कारण बस मागाहून येते. इथे मात्र हात निघाल्याबरोबर गाडी वळत होती. मामा लवकर, सर्व्हो त्याहून लवकर, मधे बिचारी नळी. दम कमी नव्हता, जास्त होता.

स्टेअरिंगचा वेग रिमोटमधूनच कमी करण्याची सोय महागड्या रिमोटला असते. यांचा साधा होता. म्हणून शुक्रवारी प्रशीलने तो विमानाखालोखालचा सर्व्हो काढला आणि आपल्या सामानाच्या डब्यातला एक जुना, मंद, पण न डगमगणारा सर्व्हो बसवला. जोर चाकं धरून ठेवायला पुरेसा होता. चपळाई म्हणाल तर लग्नात वाढायला उभ्या केलेल्या मोठ्या मेहुण्याइतकी.

हे मामांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमचा हात चुकतो. ड्रायव्हर माणसाला, सासऱ्याला, ज्याने मुलगी दिली त्याला. प्रशीलने तीनदा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

जिनिंगच्या फाटकात मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे होते.

"जय भीम, जावईबापू. त्रास नाही ना झाला? ड्रायव्हर कोण होता?"

"नाव नाही विचारलं, मामा."

"विचारत जा. ज्याच्या हातात जीव देतो त्याचं नाव माहीत पाहिजे." त्यांनी खोकं स्वतःच्या हातात घेतलं. "नवा सर्व्हो नीट घट्ट बसवला ना?"

समीक्षाने नवऱ्याकडे पाहिलं. प्रशील म्हणाला, "घट्ट आहे." आणि हे खोटं नव्हतं, एवढंच समाधान त्याने पदरात पाडून घेतलं.

मामांनी गाडी पालथ्या पोत्यावर ठेवून रिमोटचं चाक फिरवलं. पुढची चाकं वळली. मामांनी पुन्हा फिरवलं. भुवई किंचित वर गेली. मामा काही बोलणार, तेवढ्यात तपासणीची हाक आली.

घोट्याच्या भानगडीमुळे भूपेंद्रभाऊंनी या रविवारपासून तपासणी सुरू केली होती: शर्यतीआधी प्रत्येक गाडीचं टप उचलून आत डोकावायचं. हे प्रशीलला माहीत नव्हतं. भूपेंद्रभाऊंनी टप उचललं, आत पाहिलं, आणि दुकानदाराची नजर ती, आपला माल कुठे नाही हे तिला आधी दिसतं.

"आबा, हा तर आपल्याकडचा नाही."

"कोणता?"

"सर्व्हो. हा जुनाट आहे, एकदम मंद. मी दिलेला कुठे गेला?"

आजूबाजूला पाचोऱ्याची पोरं होती, धुळ्यातले नेहमीचे दहाजण होते. एकजण हसून म्हणाला, "जावयाने काढून घेतला वाटतं, आबा. हुंडा समजून." बाकीचे हसले. मामा हसले नाहीत. ते प्रशीलकडे वळले आणि एवढ्या वर्षांत जावयाशी कधी न बोललेल्या अहिराणीत, हळू आवाजात म्हणाले, "मले कसाले सांगं नही?"

भूपेंद्रभाऊंना आता वाईट वाटलं असावं. "वेळ आहे, आबा. माझ्या स्वतःच्या गाडीतला काढून देतो. चार स्क्रूचं तर काम आहे." त्यांनी स्क्रूड्रायव्हर प्रशीलपुढे धरला.

हसू विरलं. सगळे प्रशीलच्या हाताकडे पाहू लागले. बदलला असता तर चूक जावयाची ठरली असती, मामांची पत राहिली असती, आणि काट्यापाशी नळी उडून रिमोट कायमचा गेला असता. न बदलावा तर कारण द्यावं लागणार, आणि कारण म्हणजे मामाच. प्रशीलने मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. दोन्हीकडे तोटाच होता. एका बाजूला फक्त रिमोट वाचत होता.

"नको, भाऊ. हाच राहू द्या," तो म्हणाला.

"का पण?" मामा म्हणाले.

प्रशीलने समीक्षाकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. माहेर आणि सासर यांच्यामधे उभी असलेली बाई अशा वेळी नेहमी जमिनीकडे पाहते.

"मामा, तुम्ही लवकर वळता."

"बसचा हात आहे तुमचा," प्रशील पुढे बोलत गेला, कारण आता थांबणं जास्त वाईट होतं. "तो बरोबरच आहे. पण ही गाडी बस नाही. चपळ सर्व्हो तुमच्या हाताबरोबर लगेच वळतो आणि नळीवर जातो. हा उशिरा वळेल. तुमच्या हाताला हा पुरतो."

"मला मंद पुरतो," मामा म्हणाले.

"हो."

मामांनी टप उचलून गाडीवर बसवलं, चारी खिळी लावल्या. मग रिमोट घेतला आणि चालवणाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. प्रशीलकडे पाहिलं नाही.

सहा गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत मामांची पाचवी होती. गाडी काट्याजवळ आली. मामांचा हात निघाला. गाडी मात्र सरळच. क्षणभर वाटलं की ती वळणारच नाही, समोरच्या भिंतीवर जाणार, आणि आपण सासऱ्याला चारचौघांत नागवं केलं ते फुकट गेलं. मग चाकं फिरली. गाडी आतल्या नळीपासून वीतभर अंतर राखून निघून गेली.

दुसरी फेरी तशीच. तिसरीही तशीच. समीक्षा येऊन प्रशीलच्या बाजूला उभी राहिली.

मग पाचोऱ्याच्या एका पोराची गाडी नेमकी काट्यापाशी उलटली आणि रस्त्याच्या मधोमध चाकं वर करून पडली. उचलायला धावलेला माणूस अजून लांब होता. मामांची गाडी सरळ तिच्याकडे निघाली होती. आता झटक्यात वळायला हवं होतं आणि झटका हीच गोष्ट त्या सर्व्होत नव्हती. तो कुणी काढला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भूपेंद्रभाऊंनी बघ्यांना मागे सारायला हात पसरले.

प्रशीलने गाडीकडे पाहणं सोडलं आणि मामांच्या हाताकडे पाहिलं. हात कधीच वळला होता. ओट्यावरून मामांना गाडी उलटताना दिसली त्याच क्षणी वळला असणार. गाडी उलटलेल्या गाडीच्या आणि नळीच्या मधल्या फटीत शिरली. मागचं चाक नळीला घासलं, नळी थरथरली आणि जागेवर राहिली.

मामा चौथे आले.

ओट्यावरून उतरल्यावर ते आधी भूपेंद्रभाऊंकडे गेले. "मागचं चाक लागलं होतं. मी पाहिलं."

"लागलं असेल, आबा. उडाली तर नाही. घोटे सगळ्यांचे शाबूत आहेत." भूपेंद्रभाऊंनी वही उघडली. "पुढच्या रविवारचं नाव लिहू?"

"गाडी ज्याची आहे त्याला विचारा."

प्रशील जवळ गेला. मामांनी त्याच्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्यांचे कान अजून लाल होते.

"आगारात मिस्त्री साधा बोल्ट बदलला तरी ड्रायव्हरला सांगतो," ते म्हणाले. "गाडी हातात घेण्याआधी. मी लवकर वळतो ते वळतो. पण आत काय बसवलंय हे मला दुकानदाराकडून कळावं?"

"चुकलं, मामा."

"अजून काही सांगायचं ठेवलंय का? आत्ता सांगून टाका. नंतर मला ऐकायचं नाही."

समीक्षाने मागून प्रशीलच्या शर्टाचं टोक ओढलं. ओढण्याचा अर्थ नको असा होता, आणि ते त्याला कळलंही. पण सकाळपासून एवढं मोडलं होतं, त्यात अजून एक.

"सरळ रस्त्यावर तुम्ही उगाच हळू करता, मामा. मागे प्रवासी बसलेले नाहीत."

पाचोऱ्याच्या पोरांपैकी कुणाच्या तरी नाकातून हसू निसटलं. मामांनी त्या बाजूला एकवार पाहिलं, आणि ते थांबलं. मग रिमोट काखेत मारून त्यांनी शर्टाची बाही सारखी केली.

"हे मात्र घरी सांगायचं होतं," ते म्हणाले, आणि भूपेंद्रभाऊंना म्हणाले, "लिहा नाव."