गोदामावशीचा गोफ

श्रावणातल्या ओलसर, करड्या उजेडात गोदामावशीची टाळी वाजायची, ती लाकडावर लाकूड आपटावे तशी. मळ्यात वांगी-मिरच्या तोडून राठ झालेले ते तळवे आणि त्यांच्या तालावर तोललेला तो किंचित फाटका स्वर: "आत... बाहेर... आत..." पिंपळगाव राजा या आमच्या गावच्या देवळात, सभामंडपाच्या तुळईला बांधलेल्या आठ दोऱ्यांची टोके धरून आम्ही आठ नवशिक्या पोरी त्या स्वराच्या आज्ञेत फिरत असू, आणि गोकुळाष्टमीचा गोफ आमच्या डोक्यांवर वेणीसारखा विणला जाई. दोऱ्या जुन्या लुगड्यांच्या होत्या. माझी तांबडी, माझ्यासमोरच्या काशीची हिरवी.

मावशीने स्वतः मात्र कधी दोरी धरली नव्हती. परकराच्या वयात सासरी गेलेली आणि भरल्या तारुण्यात कुंकू पुसलेली ती बाई दुसऱ्यांचे नाच पाहून पाहूनच सगळे फेरे शिकली होती. कुणी अडखळले की म्हणे, "पायाकडं काय पाहतं वं? समोरचीच्या डोयात पाह्य." गोफ चुकला तर दोरी ओढायची नाही, कापायची तर मुळीच नाही, त्याच पोरींनी, समोरासमोर, उलट्या फेऱ्यांनी तो सोडवायचा, एवढाच तिचा कायदा होता.

अष्टमीला तीन दिवस उरले असताना मी आत जायच्या जागी बाहेर गेले. दोऱ्या एकमेकींत अडकल्या आणि गोफाला गाठ बसली. मावशीला वाटले, चुकली ती माझ्यासमोरची काशी. काशी तिची एकुलती एक, दहा वर्षांची लेक. परक्या पोरींना गोंजारणारी मावशी तिला मात्र कधी सोडत नसे. "माही पोरगी असून तुले फेरा समजत नाही?" म्हणत तिने काशीच्या पाठीत धपाटा घातला. काशीने माझ्याकडे पाहिले आणि ती गप्प राहिली. चूक माझ्यावर आली नाही म्हणून मला बरे वाटले, हे आज सांगतानाही माझी मान खाली जाते. अंधारून आले होते, म्हणून गाठ सकाळी सोडवायचे ठरले.

सकाळी सभामंडपात उंदीर मरून पडले होते. प्लेग आला होता. दुपारपर्यंत अर्धे गाव शेतांत तुराट्यांच्या झोपड्यांकडे निघाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यातल्याच एका झोपडीत काशीने प्राण सोडला. गोफ तुळईला तसाच लोंबत राहिला.

फाल्गुनात गाव परतले, तेव्हा देऊळ झाडायला आलेल्या गुरवाने विळा काढला. "गोदाबाई, अभद्र हाय हे. कापून टाकतो."

"विळा नोका लावू, बुवा," मावशी म्हणाली. "माह्या काशीचे हात हायेत त्याच्यात. पोरी सोडवतीन."

आम्ही सात उरलो होतो. आठवी, हिरवी दोरी मावशीने धरली. आयुष्यात पहिल्यांदाच धरली. टाळीला हात मोकळे नव्हते. नुसत्या तोंडाने ती फेरे सांगू लागली आणि पहिल्याच पावलाला, आम्हाला बजावलेले सारे विसरून, स्वतःच्या पायांकडे पाहू लागली.

ती काशीच्या जागी होती, म्हणजे माझ्या समोर. उलटा फेरा घेतला आणि हिरवी दोरी अलगद सुटून आली. अडली ती माझी तांबडी. मावशी थांबली. तिने आधी दोरीकडे पाहिले, मग माझ्या डोळ्यांत.

"मावशी, मीच चुकली होती," मी म्हणाले.

"मंग काशीनं सांगतलं काऊन नाही?"

  मग ते हिरवे टोक मुठीत आवळून, घसा फाटेपर्यंत मोठ्याने, तिने पुढचा फेरा सांगितला. गोफ पूर्ण सुटला. त्यानंतर गोदामावशीने कुणालाही नाच शिकवला नाही.

आता मावशीही नाही. श्रावणातला तसला करडा उजेड उतरला की तिची टाळी मला ऐकू येते, पावले नकळत जागची हलतात. माझ्याकडून एक फेरा सोडवायचा राहिला आहे. आणि तो सोडवायला समोर जी उभी असायला हवी, ती अजून दहा वर्षांचीच आहे, आणि गप्प आहे.