आतली वळणं

काचपट्टीवरचा तो मधाच्या रंगाचा आकडा — मोहरीच्या दाण्याच्याही निम्मा, टोकाशी जरासा डावीकडे झुकलेला — तिनं सुईनं हळूच कलता केला, आणि दिव्याचा उजेड त्यातून आरपार गेला. किती देखणा! इतकी वर्षं झाली, तरी पहिल्या नजरेला छातीत काहीतरी हलतंच. भुंग्याच्या नराचं जननांग ते. बाहेरून दोन जातींचे भुंगे जुळ्या भावांसारखे, तीच काळी पाठ, त्याच मिशा. वेगळेपण काय ते इथं, पोटात दडवलेलं…

"काय बघतेस गं एवढं डोळे फोडून?"

मागे स्टुलावर सासूबाई. सकाळी दवाखान्यात त्यांच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची पट्टी सुटली होती, आणि घरी जाता जाता 'पाच मिनिटं' म्हणून ती त्यांना संग्रहालयातल्या आपल्या खोलीत घेऊन आली होती. नव्या डोळ्यानं त्या सगळंच हावरटासारखं बघत होत्या — टाचणीवरचे किडे, खिडकीची कडी, सुनेच्या कानामागचे पांढरे केस.

"किडे, आई."

उत्तर तोंडपाठ होतं. लग्न ठरतानाही मुलगी किड्यांवर काम करते, एवढंच सांगितलं गेलं होतं. किड्यांच्या नेमकं कशावर, ते सासऱ्यांना नाही, नणंदेला नाही, कुणालाच नाही — ज्या घरात 'दिवस गेलेत' हेसुद्धा दार लोटून सांगायचं, तिथं हे कुठल्या तोंडानं… मग आज काय झालं कोण जाणे. त्या डोळ्यातली हाव असेल. ती उठली.

"या, तुम्हीच बघा."

आणि सांगून टाकलं. हे काय, कशासाठी, पिढ्यान्‌पिढ्या बदलत असं वळण कसं येत गेलं — सगळं.

सासूबाईंनी भिंगाला डोळा लावला, तो काढेचनात. तिचे कान तापले. झालं, आजवर झाकून ठेवलेली मूठ…

"अगंबाई," त्या मान न हलवता म्हणाल्या, "आमच्या वेळी आधी दिवा मालवायचे. ह्यांचं कधी धड बघितलं नाही मी, आणि मेल्या किड्याचं बघतेय!"

तिला आधी ऐकू आलं, मग कळलं, मग हसू असं फुटलं की टेबलाला धरून वाकावं लागलं. सासूबाईही पदरानं नवा डोळा जपत हसत होत्या, आणि शेजारच्या खोलीतला ग्रंथपाल दारातून डोकावून निमूट परत गेला.

"आणि तिचं गं? मादीचं?"

"ते मऊ असतं, आई. आत. काढताना फाटतं. आमच्या कामात सगळे नराचीच चित्रं काढतात."

"म्हणजे पाहुणा कसा ते ठाऊक, घर कसं ते नाही!"

ती हसता हसता थांबली. मग कोमट पाण्यात भिजत पडलेली एक मादी उचलली, श्वास रोखून पोट उघडलं. पातळ पडदा, त्यामागे एक नळी… सरळ असेल असं ती धरूनच चालली होती. नव्हती. वळण, त्यावर वळण, मध्येच उलटं फिरलेलं — हे वाट दाखवणं की वाट अडवणं? की निवड, मादीची स्वतःची?

"काय दिसतंय?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि हे शब्द इतके हलके असू शकतात याचं तिलाच नवल वाटलं. "सरका ना जरा जवळ, आई…"

सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर टेकला, तसाच राहिला, आणि ती खाली बघत राहिली — घाई कसलीच नसल्यासारखी.