नगेटचा बाप्तिस्मा

बाहुलीचं मुंडकं निखळून कुंडात पडलं, तेव्हा ज्युडिथ ॲक्रॉइडबाईंना वाटलं, आजच्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का तो हाच. बाईंचा अंदाज चुकला, पण ते कळायला अजून थोडा अवकाश होता.

स्कॅलबेक गावातल्या चर्चच्या शाळेत पहिलीच्या मुलांना बाप्तिस्मा शिकवायची एक ठरलेली रीत होती. फळ्यावर चित्रं काढून सांगितलं की मुलं जांभया देतात. म्हणून दर वसंतात सगळा वर्ग जोडीजोडीने हात धरून चर्चमध्ये जायचा आणि पाद्री क्लेमंट हॉब्सन एका बाहुलीला रीतसर बाप्तिस्मा द्यायचे. रीतसर म्हणजे कुंडात खरं पाणी आणि तोंडी खरे शब्द. बाहुलीला आत्मा नसल्यामुळे यात कुणाचं काही बिघडत नसे. दोन मुलं आईबाप व्हायची, दोन मुलं धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाळाला वाईटापासून जपायचं वचन देणारी, आणि बाहुलीचं नाव वर्ग मतदानाने ठरवायचा. यंदा ‘प्रिन्सेस’ला हरवून ‘नगेट’ निवडून आलं होतं, कारण मतदान जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच घेतलं गेलं आणि त्या दिवशी ताटात कोंबडीचे नगेट होते. लोकशाहीत असं व्हायचंच.

हा कार्यक्रम खरं तर बुधवारी होता. पण बुधवारी पाद्रींना एक अंत्यविधी आला आणि कार्यक्रम गुरुवारवर गेला. गुरुवार हा वर्गशिक्षिका ॲक्रॉइडबाईंच्या सुट्टीचा वार. त्या दिवशी त्यांची मुलगी रोवेना कामावर जायची आणि नातू आयव्हर आजीकडे असायचा. मुख्याध्यापक म्हणाले, “अहो, बाळाला घेऊनच या की. मुलांना गंमत वाटेल.” बाई बाबागाडी ढकलत आल्या.

हा गुरुवार बाईंना सहजासहजी मिळालेला नव्हता. आयव्हर जन्मल्यावर त्याच्या बाप्तिस्म्यावरून घरात असं भांडण झालं होतं की ख्रिसमसचं जेवण दोन घरांत वेगवेगळं शिजलं. रोवेना आणि तिचा नवरा गॅरेथ यांचं म्हणणं साधं होतं: पोरगा मोठा होईल, त्याचं तो ठरवील. बाईंचं म्हणणं त्याहून साधं होतं: तोवर काय? शेवटी रोवेनाने अट घातली. “आई, हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस. काढलास की गुरुवार बंद.” बाईंनी शब्द दिला आणि पाळलाही. नातवाचं टाळूवरचं जावळ कुरवाळताना त्यांच्या मनात काय येई, यावर कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं.

तर मुंडक्याकडे येऊ. वर्गातल्या मदतनीस डॉरिन यांनी बाहुली मळली म्हणून आदल्या दिवशी कपडे धुवायच्या यंत्रात टाकली होती. पाद्रींनी ती हातावर घेतली, जरा तिरकी केली आणि डोकं सुटून डुबुक् करून पाण्यात गेलं. डोळे उघडे ठेवूनच बुडालं.

मग सगळा वर्ग एकदम किंचाळला.

“नगेट मेली!” धर्मपिता रुपर्ट ओरडला. आईच्या भूमिकेतली मुलगी भोकाड पसरून खाली बसली. दोघांनी तिथेच चड्डी ओली केली. डॉरिन “मी मंद धुलाईवरच लावलं होतं हो, देवाशपथ!” असं कुणीही न विचारता सांगत सुटल्या. पाद्रींनी बाही वर करून कुंडात हात घातला आणि मुंडकं केसांना धरून वर काढलं, तेव्हा तर कल्लोळ दुप्पट झाला.

“फादर, ते आधी लपवा!” बाई म्हणाल्या.

या सगळ्यात एकटी टॅबिथा शांत होती. टॅबिथा म्हणजे धर्ममाता, वय वर्षं सहा, पुढचे दोन दात पडलेले. तिने बाबागाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “बाई, इथे अख्खं बाळ आहे की. डोक्यासकट.”

रडणं कमी झालं. सगळ्या माना बाबागाडीकडे वळल्या. आयव्हर जागा होता आणि स्वतःची मूठ चोखत होता.

बाई सव्वीस वर्षं शिकवत होत्या. रडणाऱ्या वर्गाला गप्प करणारी कुठलीही वस्तू हाताशी आली की ती आधी दाखवायची आणि विचार नंतर करायचा, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांनी नातवाला उचललं, पाद्रींच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाल्या, “नुसतं खोटं खोटं हं, फादर. पाण्याशिवाय.”

“अर्थात, अर्थात,” पाद्री म्हणाले.

क्लेमंट हॉब्सन यांनी उभी हयात त्या कुंडापाशी काढली होती. बाहुली हातात घेतली की त्यांचा हात अवघडायचा, कारण बाहुलीला वजन नसतं आणि हाताला ते कळतं. आज हातावर वजन आलं. कोमट, दुधाचा वास असलेलं, वळवळणारं वजन. पाद्रींचा चेहरा निवळला. आवाज खाली उतरला. मुलंसुद्धा आपोआप गप्प झाली.

“या बाळाचं नाव सांगा.”

“नगेट!” अख्खा वर्ग गरजला.

पाद्रींचा उजवा हात कुंडाकडे गेला. तो कुणी नेला असं म्हणता येणार नाही, तो गेला. ओंजळ भरली आणि आयव्हरच्या टाळूवर रिकामी झाली. “नगेट, मी तुला पित्याच्या...” दुसरी ओंजळ. “...आणि पुत्राच्या...” तिसरी. “...आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.”

“आमेन,” पहिलीचा वर्ग म्हणाला.

आयव्हर रडला नाही. त्याने फक्त डोळे मिचकावले, नवीन माणसं घरात आल्यावर मिचकावतो तसे.

टाळ्या थांबल्यावर पाद्रींनी वर पाहिलं आणि बाईंना दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला आहे. ते बाळाला घेऊन तसेच उभे होते. पाणी त्यांच्या कोपरावरून खाली ठिबकत होतं.

“ज्युडिथ,” ते पुटपुटले, “माझ्या हातून झालं.”

“काय झालं? आपण तर खोटं खोटं...”

“सुरुवात खोटी होती. पाणी उचललं तेव्हा मी खोटं करत नव्हतो. मला विचारलंत तर मी शपथेवर तेच सांगेन.”

“पण नाव! नाव तर चुकलं ना?” बाईंनी बुडत्या माणसासारखा हात मारला.

“नावाने काही अडत नाही हो.”

“मग परत फिरवता...”

पाद्रींनी नाही अशी मान हलवली. ते विचारायची गरजच नव्हती. वर्गाच्या भिंतीवर बाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लावलेला तक्ता होता: पाणी आणि शब्द एवढं पुरतं. बाप्तिस्मा एकदाच होतो. तो पुसता येत नाही. खाली मुलांनी निळे थेंब रंगवले होते.

कुणीतरी बाईंचा कोट ओढला. टॅबिथा.

“बाई, हे खोटं खोटं होतं ना?”

“हो, बाळ,” बाई म्हणाल्या. देवाच्या घरात, कुंडापाशी उभं राहून. आणि मग बाईंना जो धक्का बसला त्याचा पाद्रींशी काहीच संबंध नव्हता. पहिली ओंजळ पडली तेव्हा त्या दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. दुसरी पडली तेव्हाही. तोंड उघडं होतं. ‘थांबा’ म्हणायला किती वेळ लागतो? खेळाच्या मैदानावर त्या दिवसातून शंभर वेळा तो शब्द ओरडत असत. आज तो आला नाही. त्यांनी स्वतःला नीट विचारून पाहिलं आणि जे उत्तर आलं ते ऐकून त्या बाकावर बसल्या.

शाळा सुटताना रोवेना आयव्हरला न्यायला फाटकाशी उभी होती. काही न सांगता बाळ तिच्या हवाली करावं, असा विचार बाईंनी चर्चपासून फाटकापर्यंत व्यवस्थित केला होता. पण वर्ग त्यांच्या आधी तिथे पोचला.

“नगेट! बाय नगेट!”

“कोण रे नगेट?” रोवेना हसत म्हणाली.

“हा! मी त्याचा धर्मपिता आहे,” रुपर्ट म्हणाला. “मी त्याला वाईटापासून लांब ठेवणार आहे. पण शनिवारी नाही, शनिवारी माझं पोहणं असतं.”

“अगं बाई! आई, काय खेळवलंस पोरांना?” रोवेना हसतच वळली. आईचा चेहरा पाहिला आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. तिने आयव्हरच्या टाळूला हात लावला. केस अजून दमट होते.

“आई. हे खोटं होतं, बरोबर?”

टॅबिथाला दिलेलं उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. मग बाहुली, मुंडकं, रडारड, पाद्रींचा हात, सगळं सांगितलं. डॉरिनची मंद धुलाईसुद्धा गाळली नाही.

रोवेनाने आयव्हरला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे अपघात झाला.”

इथे थांबायचं होतं. मुलीने जणू दार उघडून धरलं होतं आणि आईने फक्त आत जायचं होतं.

“त्यांच्याकडून अपघात,” बाई म्हणाल्या. “मला थांबवता आलं असतं. पाणी तीनदा पडलं, रोवेना. मी बघत होते.”

“आणि?”

“आणि मला बरं वाटलं.”

रोवेनाने आईकडे असं पाहिलं, जणू आईचंच मुंडकं निखळून पडलंय. “तू मला शब्द दिला होतास,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना सोसलं असतं. तिने आयव्हरला मोटारीत पट्टा लावला आणि निघून गेली. बाबागाडी फाटकाशीच राहिली. ती रिकामी ढकलत बाई घरी गेल्या, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने आत डोकावून पाहिलं.

पुढचा गुरुवार गेला. त्याच्या पुढचाही. शाळेत टॅबिथा रोज विचारी, “बाई, नगेट कधी येणार? मी वचन दिलंय ना.” बाई म्हणत, “बघू.” वचनं हा पुढचा धडा होता. बाईंनी तो डॉरिनना घ्यायला लावला.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. “आमच्या घरी ये,” रोवेना म्हणाली. “मी घरी असेन तेव्हाच. मी समोर असताना.”

दार गॅरेथने उघडलं. गॅरेथ देव मानत नव्हता आणि ते सांगायची संधीही सोडत नव्हता. बाई छत्रीची मूठ घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्याने त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि मागे वळून हाक मारली, “नगेट, तुझी आजी आलीय बघ!”

“नगेट?” बाई म्हणाल्या.

“चिकटलं नाव,” गॅरेथ खांदे उडवत म्हणाला. “बाकीचं काही चिकटलेलं नाही. मी रोज तपासतो. चहा?”

रोवेनाने आयव्हरला आईच्या मांडीवर दिलं आणि समोरच्या खुर्चीत बसली. बाईंनी त्याला गोष्ट सांगितली, केळं कुस्करून भरवलं. केळं गळ्यापर्यंत गेलं, कानात गेलं, केसांत गेलं.

“चला, आता आंघोळ,” बाई सवयीने म्हणाल्या आणि उठल्या.

रोवेना त्यांच्या आधी उठली होती. तिने दोन्ही हात पुढे केले. “दे इकडे. भरव, झोपव, काय हवं ते कर, आई,” ती म्हणाली. “पण पाण्यापाशी तू नाही.”

बाईंनी नातू तिच्या हातात दिला. न्हाणीघराचं दार बंद झालं. आत नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बाई बाहेर केळ्याने माखलेले हात तसेच धरून उभ्या राहिल्या.