सतरावी फेरी

सेडान गाड्यांच्या शर्यतींच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा इतिहास छापायचं संघटनेनं ठरवलं आणि चिटणीस जनीन माझ्या घरी येऊन बसली. तिच्याकडे जाडजूड फाइल होती. दर वर्षाचं एक पान: कुठल्या राज्यात स्पर्धा भरली, कोण जिंकलं, एखादा फोटो. आमच्या करीलाच्या मातीच्या ट्रॅकवर ती एकदाच झाली, एकोणीसशे शहात्तरच्या ईस्टरला. जनीन म्हणाली, तेव्हा फेऱ्या मोजणाऱ्यांपैकी आता तुम्हीच उरलात, तर आठवणीतून दोन पानं लिहून द्या. मी हो म्हटलं, तिला चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडून आले.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. खिडक्या पुसून काढल्या, मग परत पुसल्या. गाडी काढून बाजारात जायचे आणि काय आणायला आले ते विसरून परत यायचे. कागद घेऊन बसले की 'त्या दिवशी ऊन कडक होतं' एवढं एक वाक्य व्हायचं आणि मी उठून अंगणात जायचे. ऊन कडक होतं हे खरंच होतं. पुढचं लिहायचं म्हणजे पंचाईत होती.

झालं होतं असं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. अंतिम शर्यत तीस फेऱ्यांची, बावीस गाड्या. आम्ही मोजणारे आठ जण लाकडी मचाणावर बसायचो, प्रत्येकाकडे दोन-तीन गाड्या. गाडी समोरून गेली की कागदावर एक रेघ मारायची. बाकी डोळे हलवायचे नाहीत. माझ्याकडच्यांपैकी एक एकोणीस नंबरची गाडी होती, क्वीन्सलंडच्या लेस मकार्डलची, पिवळी फाल्कन. तो सगळ्यात मागून सुटला आणि एकेकाला मागे टाकत वर यायला लागला. दुपार उतरलेली, ऊन समोरून, धूळ इतकी की पुढे कोण आणि एक फेरी मागे कोण ते प्रेक्षकांना कळेना. खरं काय ते फक्त आमच्या कागदांवर होतं.

माझा धाकटा भाऊ रॉलीही त्या शर्यतीत होता. सतराव्या फेरीला त्याची गाडी वळणावर उधळली, कुंपणावरून उडाली आणि पलीकडे जाऊन पालथी पडली. ट्रॅक मोकळा होता म्हणून शर्यत थांबवली नाही. मी मात्र उभी राहिले. रॉली रांगत बाहेर आलेला दिसला तेव्हाच खाली बसले. मधे एकोणीस नंबर गेला की नाही ते मला ठाऊक नव्हतं. मी रेघ मारली नाही.

जिंकल्याचा झेंडा आमच्याच गावच्या क्लॅरी शिर्मरला दाखवला गेला. मकार्डल त्याच्या बराच आधी रेषेवरून गेला होता, पण कागदाप्रमाणे त्याच्या एकोणतीसच फेऱ्या झाल्या होत्या. त्यानं तक्रार केली. मुख्य पंच मिस्टर पास्को मचाणावर चढून आले. त्यांनी मला शांतपणे विचारलं, मधे कुठे नजर हलली होती का? मकार्डल खाली उभा होता, तोंड धुळीनं माखलेलं, फक्त डोळे दिसत होते. मी म्हटलं, नाही.

एवढंच. एक शब्द. तिकडे क्लॅरीला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं.

चाळीस वर्षांनी, लिहायला बसण्याआधी, हे रॉलीला सांगितलं. तो आता एकसष्टचा, पाय ओढत चालतो, तोंड मात्र तसंच आहे. मी सगळं सांगेपर्यंत तो टोस्ट खात होता.

"म्हणजे माझ्यामुळे?" तो म्हणाला.

"तुझ्याकडे बघत होते म्हणून."

"मी म्हणालो होतो बघ म्हणून? आयुष्यात एकदा माझी काळजी केलीस, तीही नेमकी तेव्हाच."

मग त्यानं टोस्ट बाजूला ठेवला. विचारलं, मकार्डल जिवंत आहे का. मी म्हटलं, आहे, डाल्बीजवळ राहतो, मी पत्ता काढलाय. तो म्हणाला, मग पत्र लिही. मी म्हटलं, पत्र लिहायला बसता आलं असतं तर अजून काय हवं होतं.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. सतराशे किलोमीटर, दोन दिवस. ब्रोकन हिल, कोबार, बर्क. मला कुठेच थांबायचं नव्हतं. रॉलीला दर पंपावर पाय मोकळे करायचे होते आणि खिमा भरलेली गरम पेस्ट्री खायची होती. तो खायचा आणि मी गाडीभोवती फेऱ्या मारायचे. तो म्हणाला, ह्या मात्र तू नीट मोजतेयस वाटतं. मी हसले नाही. कनमला गावाच्या अलीकडे मात्र मला वाटलं, परत फिरावं. बोललेही तसं. रॉलीनं किल्ली माझ्याकडून काढून घेतली आणि पुढचा रस्ता त्यानं चालवला.

लेस मकार्डल शेडमध्ये होता, ट्रॅक्टरचा पंप उघडून बसलेला. मोठ्या हाडाचा, केस सगळे पांढरे. मी नाव सांगितलं, ते त्याला आठवेना. करीलाचं मचाण म्हटल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण सांगून झाल्याशिवाय बसले असते तर उठता आलं नसतं.

"कुठली फेरी?" त्यानं विचारलं.

"सतरावी."

तो फडक्यानं हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "माझे वडील ट्रॅकच्या आतल्या मैदानात फळा धरून उभे होते. खडूनं फेरी लिहून मला दाखवायचे. त्यांनी तीस मोजल्या होत्या. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. म्हातारा मोजायला विसरला म्हणाले. मीही म्हणालो. घरी येताना हजार मैल मी त्यांच्याशी बोललो नाही."

त्यानं फडकं ट्रॅक्टरवर टाकलं.

"शेवटी शेवटी त्यांनाच वाटायला लागलं होतं, आपण चुकलो म्हणून. माझी माफी मागितली त्यांनी. हॉस्पिटलात." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कप गेला खड्ड्यात. पण तू एक शब्द बोलली असतीस तर?"

मी म्हटलं, मला माफ करा. तो म्हणाला, तुम्ही दोघं आता जा.

आम्ही गाडीत येऊन बसलो. रॉलीनं गाडी सुरू केली नाही. थोड्या वेळानं लेसची बायको उना बाहेर आली आणि खिडकीतून दोन कप चहा दिला. ती म्हणाली, थांबा, तो येईल. रॉलीनं एका घोटात चहा संपवला. माझा कप हातातच थंड झाला.

लेस आला, पण माझ्याकडे नाही. तो रॉलीच्या बाजूच्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, ती निळी होल्डन गाडी तुझी ना? रॉली म्हणाला, हो. लेस म्हणाला, तू माझ्या डोक्यावरून गेलास. मी खालून निसटलो. तुझी चाकं वर फिरत होती, तेलाचे शिंतोडे माझ्या काचेवर आले. ती काच पुसत मी सरळ पट्ट्यावर आलो आणि वडिलांचा फळा पाहिला. सतरा लिहिलं होतं. म्हातारा नाचत होता.

मग तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "लिहून काढ," तो म्हणाला. "आणि त्यांचं नाव घाल. जॅक मकार्डल."

परतीच्या वाटेवर रॉली झोपला आणि मी गाडी चालवली. कोबारच्या एका खानावळीत टेबलाशी बसून मी दोन्ही पानं एका दमात लिहिली. शब्द खोडावा लागला नाही.

जनीनला देण्याआधी क्लॅरी शिर्मरला सांगणं भाग होतं. त्याचं घर माझ्यापासून चौथं. त्याच्या बैठकीत त्या शर्यतीचा कप काचेच्या कपाटात असतो, त्याची बायको हेदर तो रोज पुसते. मी सांगितलं. हेदर ऐकता ऐकता आत निघून गेली.

क्लॅरी चिडला नाही, ते मला जास्त जड गेलं. त्यानं विचारलं की हे आत्ता का. मी म्हटलं, खोटंच छापून आलं असतं तर ते कायमचं झालं असतं. तो म्हणाला, ते कायमचंच होतं. चाळीस वर्षं माझी मुलं ते ऐकत मोठी झाली.

"खोटं बोलताना तू मला विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. "खरं बोलताना तरी विचारायचंस."

मी म्हटलं, विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास? त्यानं दार उघडून धरलं.

संघटनेच्या बैठकीत दोन तास वाद झाला म्हणे. काहींचं म्हणणं, निकाल फिरवावा. काहींचं म्हणणं, चाळीस वर्षांनी एका बाईच्या सांगण्यावरून इतिहास बदलायला लागलो तर एकही वर्ष जागेवर राहणार नाही. जनीन माझ्या बाजूनं बोलली. शेवटी ठरलं ते असं: विजेता म्हणून क्लॅरी शिर्मरचंच नाव राहील, आणि खाली माझा मजकूर, माझ्या सहीनिशी, पूर्ण छापला जाईल. त्यात शेवटची ओळ, की जॅक मकार्डल यांनी फळ्यावर मोजलेल्या तीस फेऱ्या बरोबर होत्या.

पुस्तक निघालं. मला वाटलं होतं, छापून आलं की शांत वाटेल. तसं काही झालं नाही. पहाटे जाग येते ती येतेच, आणि मी उठून ओटा पुसते. लेसनं मला काही कळवलं नाही. उनाची एक चिठ्ठी आली, त्यात दोनच ओळी होत्या: लेसनं पुस्तकाच्या सहा प्रती मागवल्या आणि भावा-बहिणींना एकेक नेऊन दिली, टपालानं पाठवली नाही. त्यानं मला माफ केलं का, ते तिनं लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

क्लॅरी मला बेकरीपाशी पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मी रोज हात वर करते. गेल्या आठवड्यात हेदर त्याच्याबरोबर होती. ती थांबली, पाव कसा आहे आज, एवढं विचारलं, आणि मग घाईनं त्याच्या मागे गेली.