पानावरचं मीठ

त्या सकाळी साडेसहाला देवळाच्या स्वयंपाकघरात पाच चुली होत्या, त्यातल्या चार पेटलेल्या. भाताचे हंडे तीन, मोठी पातेली सात, पायसाची कढई एक. नारळ दोनशे दहा. मट्टूची हिरवी वांगी पस्तीस किलो, चिरून पाण्यात टाकलेली. खडेमिठाचा डबा एक. मीठ काढायला घेण्याआधी त्याचं वजन डब्यासकट पाच किलो चारशे ग्रॅम, हे मी कोळशाने बाहेरच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं. पोफळीच्या झावळीचे द्रोण सात. सोवळ्यातली माणसं आत तीन. उंबऱ्याबाहेर पाटावर मी, पुढ्यात निवडायची कोथिंबीर. जेवणारी माणसं सहाशे, असा देवस्थान समितीचा अंदाज.

आत जो उंच माणूस एका जागी चार सेकंदांहून जास्त ठरत नव्हता, तो माझा थोरला भाऊ वादिराज, आमचा अण्णा. वय एकतीस. रथोत्सवाचा सगळा स्वयंपाक पहिल्यांदाच त्याच्या हाती होता. याआधी चाळीस वर्षं तो व्यासमूर्ती उडुपांच्या हाती होता. ते आता दाराजवळ खुर्ची टाकून गुडघे चोळत बसले होते. मोठा पितळी डाव त्यांच्या मांडीवर होता. अजून त्यांनी तो कुणाला दिला नव्हता.

आठवड्यापूर्वी ते घरी येऊन स्पष्ट बोलले होते. "समितीला कुंदापूरचा कंत्राटदार हवाय. मी म्हटलं, एकदा आपल्या वादिराजाला बघू. पण ऐक, पहिल्या पंगतीत दहापेक्षा जास्त पानांवर मिठाला हात लागला, तर हा डाव मी माझ्या हाताने त्या कंत्राटदाराला देईन. मग माझ्या दारी रडत यायचं नाही."

"रडणार नाही, उडुपरे," अण्णा म्हणाला. "विसरून जाईन."

उडुप हसले नाहीत. अम्मा हसली आणि लगेच पदराने तोंड झाकलं.

आमच्याकडे पान मांडलं की आधी डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढतात. स्वयंपाक नीट असेल तर माणसं उठतात तेव्हा ते जसंच्या तसं पडलेलं असतं. देवळात जेवताना कुणी नावं ठेवत नाही, पण हात गुपचूप त्या कोपऱ्याकडे जातो. तीन वर्षांपूर्वी एका वास्तुशांतीला अण्णाने दोनशे माणसांची हुळी, म्हणजे आमचं सांबार, मिठाशिवाय केली. मीठ वाढणारा पंगतीत चार वेळा फिरला. तेव्हापासून गावात त्याचं नाव ‘सप्पे भट्ट’, म्हणजे सपक आचारी. नाव ठेवणाऱ्यांत आमचे दोन चिक्कप्पा, म्हणजे चुलते, होते.

आता कुणी विचारेल, चाखून का बघितलं नाही? तर नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही. चमचाभर बाजूला काढायचंही नाही. देवाआधी कुणाचा वाटा निघता कामा नये. बाकीच्या आचाऱ्यांचं यात काही अडत नाही, कारण आपण दोन मिनिटांपूर्वी काय केलं हे त्यांना आठवतं. अण्णाला आठवत नाही. हिंग किती जळला ते त्याला दहा हातांवरून वासाने कळतं, डाळ कधी फुटेल ते आवाजावरून कळतं. पण हातातलं भांडं खाली ठेवलं की ते रिकामं करून ठेवलं की भरलेलंच ठेवलं, हे पुसून जातं. बँकेतली, औषधाच्या दुकानातली, झेरॉक्सची अशा तीन नोकऱ्या गेल्या त्या यामुळेच. स्वयंपाकात मात्र तो स्वतःहून परत परत जात राहिला.

वास्तुशांतीनंतर मी त्याला मणिपालला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चार बैठकांनंतर सांगितलं, की हा आळस नाही आणि बेपर्वाई तर नाहीच. लहानपणापासूनचा अटेन्शन डेफिसिट आहे. गोळ्या सुरू केल्या. अण्णा एका जागी बसून दोन तास नारळ खवू लागला. पण त्याची भूक गेली, छातीत धडधड सुरू झाली, रक्तदाब वाढला. दुसरी गोळी दिली, तिनेही तेच. तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच गोळ्या थांबवल्या. म्हणाल्या, "बऱ्याच जणांना यांचा उपयोग होतो, तुम्हाला सोसत नाहीत. मग आपण डोक्याऐवजी खोली बदलू. आठवण डोक्यात ठेवायची नाही, खोलीत ठेवायची. दर महिन्याला येऊन काय जमलं ते सांगा."

मी तेव्हा मंगळूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. संपवून घरी आले होते. मी एक वही सुरू केली. रोज दुपारचं जेवण अण्णाने करायचं, एकही पदार्थ न चाखता. मी चुका लिहायच्या. पहिल्या महिन्यात सव्वीस जेवणं, मिठाच्या चुका अकरा.

भिंतीवर यादी लावली. तीन दिवस त्याने वाचली, चौथ्या दिवसापासून ती भिंतीचा भाग झाली. मोबाइलचा गजर लावला. तो बंद करून अण्णा मला विचारायचा, "पुट्टी, हा कशासाठी वाजला गं?" मग अम्माने मागे उभं राहून आठवण करायची ठरलं. पाचव्या दिवशी दोघांचं भांडण झालं.

"अम्मा, तू मागे उभी राहिलीस की मला फक्त तू दिसतेस. हुळी दिसत नाही."

"बरं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई दिसली!"

उपयोगी पडल्या त्या दोनच गोष्टी. एक, मी काही न बोलता जवळ बसून माझं काम करायचं. का कोण जाणे, कुणी शेजारी शांतपणे शेंगा सोलत असलं की अण्णाचे हातही त्याच चालीने चालतात. दुसरी म्हणजे द्रोण. ही युक्ती त्याची स्वतःची. आचेवर काही चढण्याआधी, डोकं ताजं असताना, प्रत्येक पातेल्याचं मीठ मोजून वेगळ्या द्रोणात काढायचं आणि तो द्रोण त्या पातेल्याच्या झाकणावर ठेवायचा. द्रोण उचलल्याशिवाय झाकण निघत नाही. मीठ घातलं की रिकामा द्रोण चुलीच्या कट्ट्यावर पालथा. उताणा म्हणजे बाकी, पालथा म्हणजे झालं. चौथ्या महिन्यात सत्तावीस जेवणं, चुका शून्य. डॉक्टरीणबाईंनी माझ्या वहीच्या त्या पानाचा फोटो काढून घेतला.

देवळातली अडचण एवढीच होती, की सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात मला जाता येत नव्हतं. म्हणून पाट उंबऱ्याबाहेर, पण त्याला दिसेन असा. उडुप म्हणाले, "ही काय पहारा करते?"

"नाही, उडुपरे," अण्णा आतून म्हणाला. "ती माझ्या होडीचा नांगर आहे."

"वजन तेवढं आहे खरं," उडुप म्हणाले. मी कोथिंबीर निवडत राहिले.

सात द्रोण असे होते: हुळी नऊशे ग्रॅम, सारू म्हणजे पातळ सार सहाशे, ताकाची हुळी साडेचारशे, फरसबीची भाजी तीनशे, कोहळ्याची अडीचशे, चटणी शंभर, कोशिंबीर दीडशे. कोशिंबिरीला पाणी सुटतं म्हणून तिचं मीठ नैवेद्य झाल्यावर, अगदी शेवटी. दोन्ही भाज्या आणि चटणी दहाच्या आत झाल्या, त्यांचे द्रोण पालथे पडताना मी पाहिले.

सव्वादहाला गडबड झाली. पायस तळाला लागायला आलं. अण्णाने ते वासाने ओळखलं. हातातलं टाकून धावला, जळती लाकडं ओढून काढली, कढई दोघांनी मिळून उतरवली. पायस वाचलं. उडुप खुर्चीवरून अर्धे उठले होते, ते परत बसले आणि पहिल्यांदा म्हणाले, "नाक आहे पोराला."

या धावपळीत जी दहा-बारा मिनिटं गेली, तेवढ्यात मदतीला असलेल्या सुधींद्राने कट्टा आवरला. सुधींद्र हा पंचेचाळिशीचा, अतिशय टापटिपीचा माणूस. त्याच्या घरी चपलासुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. त्याने सगळे द्रोण एकात एक घातले, ज्यांत मीठ होतं ते डब्यात परत ओतलं, कट्टा पुसला आणि हात धुतले.

अण्णा वळला. सगळी झाकणं मोकळी. कट्टा स्वच्छ.

"द्रोण कुठेत?"

"आवरले की. पसारा झाला होता."

"सुधींद्रा, कुठले भरलेले होते?"

"बघितलं नाही रे. होते दोनतीन. मला काय ठाऊक ते तुझे हिशोब!"

अण्णाने माझ्याकडे बघितलं. पायसाच्या गोंधळात मी उभी राहून कढईकडे बघत होते. हुळी, सारू आणि ताकाची हुळी ही तिन्ही पातेली माझ्या नजरेआड होती. माझं एकच काम होतं, बसून राहणं, आणि तेच मी केलं नव्हतं.

"हुळीत घातलं मी," अण्णा म्हणाला. "की कालच्या सरावात घातलं होतं?"

नैवेद्याची घंटा अकराला. तेव्हा दहा चाळीस झाले होते. उडुप हळूच म्हणाले, "अंदाजाने निम्मं निम्मं टाक सगळ्यांत. जे होईल ते होईल." त्यांचा आवाज मऊ होता, आणि तोच ऐकायला नको वाटत होता. कंत्राटदाराचा माणूस सकाळपासून ऑफिसात चहा पीत बसला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अण्णा चुलीसमोर उभा होता. हात हलत नव्हते. त्याला इतकं स्थिर मी गोळ्यांच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. मग तो एकदम म्हणाला, "पुट्टी, डब्याचं वजन किती होतं?"

"पाच चारशे."

"आणि द्रोणांत एकूण?"

"दोन हजार सातशे पन्नास."

"मग डबा तोलू या! अन्न चाखायचं नाही, पण डब्याला कुठे नैवेद्य आहे?"

हे मला सुचायला हवं होतं. एम.एस्सी. मी केलं होतं.

तांदूळ मोजायचा काटा शेजारच्या कोठीत होता. डब्याला माझा हात चालणार नव्हता. अण्णाने तो स्वतः उचलून काट्यावर ठेवला, मी दारातून आकडा वाचला. त्याआधीच मी भिंतीवर कोळशाने गणित मांडून ठेवलं होतं. कोशिंबिरीचे दीडशे तर नक्की परत गेले होते. म्हणजे बाकी सगळ्यांत मीठ पडलं असेल, तर काटा दोन हजार आठशे दाखवणार. ताकाची हुळी राहिली असेल तर साडेचारशेने जास्त, सारू राहिलं तर सहाशेने, मोठी हुळी राहिली तर नऊशेने. दोन राहिली असतील तर त्यांची बेरीज. या तीन आकड्यांच्या कुठल्याही दोन बेरजा सारख्या येत नाहीत.

"तीन हजार तीनशे पंच्याण्णव," मी म्हणाले.

"पाच ग्रॅम?"

"सुधींद्राच्या फडक्यात असतील."

"म्हणजे सारू," अण्णा म्हणाला.

"सारू."

"नक्की?"

"दुसरं काही बसतच नाही, अण्णा."

उडुप भिंतीवरचे आकडे बघत होते. "आणि गणित चुकलं असेल तर?"

"तर कंत्राटदाराला सारू आवडेल," अण्णा म्हणाला. त्याने सहाशे ग्रॅम काट्यावर मोजून घेतले. सोवळ्यात उघड्या अन्नावर बोलायचं नाही, म्हणून गप्प झाला. सारूचं झाकण काढलं, मीठ घातलं, लांब पळीने सात वेळा ढवळलं आणि रिकामा द्रोण कट्ट्यावर पालथा ठेवला. मग एक पाऊल मागे येऊन सुधींद्राला म्हणाला, "याला हात लावलास तर तुलाच पालथा घालीन."

"नाही रे बाबा," सुधींद्र म्हणाला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. ते त्याने नैवेद्य होईपर्यंत सोडले नाहीत.

अकराला घंटा झाली. मग कोशिंबिरीत मीठ पडलं. पावणेबाराला पहिली पंगत बसली. वाढप्यांनी आधी कोपऱ्यात मीठ वाढलं, मग चटणी, कोशिंबीर, भाज्या, भात. अण्णा खांबामागे उभा होता आणि पंच्याचं टोक पिळत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि उरलेली कोथिंबीर निवडायला घेतली. तिची आता कुणालाच गरज नव्हती. थोड्या वेळाने तोही खाली बसला आणि एक जुडी ओढून घेतली.

"पुट्टी, कुणी बोलतंय का काही?"

"जेवतायत."

"सारू परत मागतायत?"

"चौथ्या ओळीतले आपले धाकटे चिक्कप्पा तिसऱ्यांदा."

"ते फुकट म्हणून."

पंगत उठली. पानं काढायला बायका आल्या, तशी उडुपांनी काठी आडवी धरली. "थांबा गं. आधी मोजायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलीस ना मोजायला? जा. मी मागून येतो, मला खोटं चालत नाही."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ते डाव हातात घेऊन, काठी टेकत, प्रत्येक पानापाशी थांबत मागून आले. अण्णा खांबापाशीच राहिला.

पहिल्या पंगतीत पानं एकशे बावन्न. मिठाला हात लागलेली, सहा.