आधी फळी बदला

मी एक जुनी कुस्तीची रिंग आहे आणि मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचा मला मनापासून राग येतो. तुम्ही खुर्च्यांवर बसून काहीबाही चघळता, घसा फुटेस्तोवर ओरडता, रिकाम्या बाटल्या माझ्या अंगावर फेकता आणि घरी जाताना वर म्हणता, "सगळं खोटं असतं हो!" काय खोटं असतं ते मी सांगते. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, एवढंच खोटं. पडणं खरं असतं. ते सगळे माझ्यावरच पडतात, मला नको का ठाऊक?

मला एका चिडक्या वेल्डरने जोडलं. खाली लोखंडी सांगाडा, मधोमध एक जाडजूड स्प्रिंग, वर लाकडी फळ्या, फळ्यांवर बोटभर फोम आणि त्यावर ताणून बांधलेला कॅनव्हास. चार कोपऱ्यांना चार खांब आणि भोवती दोर. "मधे पडलं तर माणूस वाचेल, कडेला पडलं तर आई आठवेल," असं तो मालकाला बजावून गेला. मालकाने मान डोलावली आणि तो ते लगेच विसरला.

नव्याची नवलाई होती तोवर माझे फार लाड झाले. मालक स्वतःच्या रुमालाने माझे खांब पुसायचा, माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचा. मग तो रुमाल कुठे गेला कोण जाणे. मला ट्रकमध्ये कोंबून गावोगाव नेऊ लागले, उतरवताना आदळू लागले. कॅनव्हासवर घामाचे, रक्ताचे आणि मालकाने सांडलेल्या चहाचे डाग पडले. चहाचे डाग सगळ्यांत जास्त आहेत. एकदा असंच आदळताना डाव्या कोपऱ्यातल्या खांबाजवळची माझी फळी तडकली. पोरींना कुस्ती शिकवणारे वस्ताद म्हणाले, "मालक, फळी बदला, कुणीतरी कंबर मोडून घेईल."

"वर कॅनव्हास आहे ना?" मालक म्हणाला. "दिसते का कुणाला? मग झालं तर!"

त्याच सुमारास एक पोरगी आली, सगळे तिला खारूताई म्हणायचे. दिवसभर भाजीच्या वखारीत पोती उचलायची आणि संध्याकाळी शिकायला यायची. अंगाने बारीक, जिभेने तिखट. वस्तादांनी पहिलीच गोष्ट शिकवली ती अशी, की खेळाआधी रिंगवर अनवाणी फिरायचं आणि प्रत्येक फळी अंगठ्याने दाबून बघायची. सगळ्यांना शिकवली, पण करायची एकटी खारूताई. पहिल्याच दिवशी तिला माझी तडकलेली फळी सापडली. "काय गं थेरडे, मोडलीस होय?" ती म्हणाली. मला राग आला, पण निदान कुणीतरी विचारलं तरी.

तेव्हापासून खारूताई प्रत्येक कुस्ती त्या कोपऱ्यापासून दूर ठेवायची. समोरची दांडगी असो की धांदरट, तिला हळूच वळवून मधोमध आणायची आणि स्वतः अशी पडायची की मागच्या रांगेतल्या बायका डोळे झाकून घ्यायच्या. लोकांना वाटायचं, काय जबरदस्त आहे ती दुसरी! खारूताई मात्र दर वेळी हरायची, कारण मालकाने तसं ठरवलेलं असायचं.

आणि जिंकायची महाराणी. ही मालकाची सख्खी भाची. उंच, भरल्या खांद्यांची, दिसायला रुबाबदार. तिच्यात दम नव्हता असं मी म्हणणार नाही. एका हाताने खारूताईला डोक्यावर उचलायची. पण जी कधी हरतच नाही तिला पडायची वेळ येत नाही, आणि जिला पडता येत नाही तिला कुस्तीतलं अर्धंच येतं. फळ्या दाबून बघणं तिला कमीपणाचं वाटायचं. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"वखारीचा वास येतो हिच्या अंगाला," महाराणी म्हणायची.

"येऊ दे. तुला चीत करायची वेळ आली की नाक धर," खारूताई म्हणायची. वस्ताद दोघींना झापायचे. "कुस्तीत समोरची आपल्या हवाली असते," ते म्हणायचे. "आवडो न आवडो, तिला सांभाळायचं." म्हणूनच एकजण पडली की दुसरी तिचा हात गुपचूप दाबते. ठीक आहेस ना, असा त्याचा अर्थ. उलट दाबला की ठीक. तुम्हाला हे खुर्चीवरून दिसत नाही आणि महाराणी हे कधी करायची नाही.

एके दिवशी कुस्तीच्या एका मोठ्या कंपनीच्या बाई नव्या दमाची एक मुलगी शोधत आल्या. पिकलेले केस, मोडून जुळलेलं नाक. एकीलाच नेणार होत्या. वस्ताद मालकाच्या मागे लागले, की आज खारूताईला जरा जास्त वेळ द्या. मालक उखडला. "कुणावर प्रकाश पाडायचा ते मी ठरवतो! ती पडायलाच आहे. पडू दे आणि बाजूला होऊ दे."

ठरलं होतं ते साधं होतं. महाराणीने उचलून आपटायचं, खारूताईने पाठ टेकायची, संपलं. पण समोर बाई बसलेल्या पाहून महाराणीला चेव आला. खारूताई मधोमध पडलेली असताना ती न ठरलेलंच करू लागली. डाव्या कोपऱ्यातल्या खांबावर चढली. लोक वेडे झाले.

"उतर, मूर्खे!" खारूताई दातांतल्या दातांत म्हणाली. महाराणीने उडी मारली आणि ती तोकडी पडली. थेट माझ्या तडकलेल्या फळीवर आदळणार, तेवढ्यात खारूताई लोळत आली आणि तिने महाराणीला छातीवर झेललं. फळी कडाडली. दोघींचं वजन खारूताईच्या पाठीने घेतलं. तिने तशातही महाराणीचा हात दाबला. महाराणीने तो झटकला आणि दोन्ही हात उंचावून लोकांना दाखवले. मित्रांनो, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तेही मी विसरलेले नाही.

लोक गेल्यावर बाई माझ्यापाशी आल्या. "ती उडी परत दाखव," त्या महाराणीला म्हणाल्या.

महाराणी ऐटीत खांबावर चढली. खाली कुणी नव्हतं. तिने खारूताईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बरगड्या चोळत होती.

"ये ना," महाराणी म्हणाली.

"कशाला? मी हरले ना? माझं काम संपलं."

महाराणी खांबावर उभी राहिली, नुसतीच उभी राहिली. मग एक एक पाय टाकत खाली उतरली. तिचे कान लाल झाले होते. बाईंनी खारूताईला बोट केलं. "आता तू चढ."

वर्षानुवर्षं ती याच एका वाक्याची वाट पाहत होती. ती माझ्या कडेपर्यंत आली आणि थांबली. "आधी ही फळी बदला," ती म्हणाली. "खाली जी कोणी झोपेल तिचे हाल होतील."

"अगं, अशी संधी पुन्हा येते का? बाईंची गाडी उभी आहे!" मालक किंचाळला.

"जाऊ दे गाडी. मी चढणार नाही." ती माझ्या कडेवर पाठमोरी बसली आणि डोळे पुसू लागली.

बाईंनी वाकून कॅनव्हासवर तळवा दाबला. फळी खाली गेली. त्यांनी कोट काढून दोरावर टाकला आणि मालकाला म्हणाल्या, "सुताराला बोलवा. मी थांबते."

सुतार आला, कुरकुरत फळी बदलून गेला. आता खाली झोपणार कोण? वस्तादांनी मालकाच्या भाचीकडे पाहिलं. मालक काही बोलायच्या आत महाराणी माझ्यावर आडवी झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिची पाठ माझ्यावर मुकाट्याने टेकली.

"नीट झेल, नाहीतर बघ," वरून खारूताई म्हणाली.

"तू आधी उडी तर मार," खालून उत्तर आलं.

तिने उडी मारली. नवी फळी खणखणीत वाजली. महाराणीने तिला झेललं, वाकडंतिकडं, पण झेललं, आणि मग मला जाणवलं, की तिने खारूताईचा हात दाबला.

बाईंनी खारूताईला नेलं. जाताना तिने मला एक लाथ घातली, प्रेमाची असावी. मी इथेच आहे, मालक आहे, चहाचे डाग आहेत. महाराणी आता कधीकधी हरायला शिकते आहे, आणि अजून फार वाईट पडते.

मित्रांनो, माझे लाड करा असं मी म्हणणार नाही, तुमचे लाड मला नकोत. फक्त ज्याच्यावर तुम्ही उभे राहता ते एकदा दाबून बघत जा. महाराणी आता प्रत्येक खेळाआधी अनवाणी फिरते, एकेक फळी अंगठ्याने दाबते आणि मला शिव्या देते. शिव्या चालतील.