रिकाम्या आकाशाची वजाबाकी

मित्रांनो, मी एक रेडिओ दुर्बीण आहे, आणि जुनी आहे. ‘जुनी’ हा शब्द मी इतक्या विद्वानांच्या तोंडून शिवीसारखा ऐकला आहे, की स्वतःची ओळख करून देताना आता तो मीच उच्चारून टाकते.

माझी अवाढव्य तबकडी कारागिरांनी पत्रा पत्रा जोडून घडवली. उद्घाटनाला भाषणे झाली. तेव्हा माझ्याशेजारी उभे राहून ज्यांनी छायाचित्रे काढून घेतली, त्यांतलेच कित्येक पुढे माझ्या गंजाची चौकशी करायला बसले.

माझे काम म्हाताऱ्या ताऱ्यांचे. उतारवयात तारा फुगून राक्षसी होतो आणि आपल्या अंगचा वायू आणि धूळ अवकाशात उधळू लागतो. त्यातूनच पुढे नवे तारे, नवे ग्रह घडतात. त्या वायूच्या क्षीण लहरी ऐकून तारा किती देतो, हे मी मोजते. रीत अशी: आधी ताऱ्याकडे पाहायचे, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. हवेची आणि माझ्या यंत्रांची खरखर निघून जाते. उरतो तो तारा.

एका ताऱ्याने मात्र माझी अब्रू घेतली. धूळ मोजणाऱ्या दुसऱ्या दुर्बिणीला तो दोन्ही हातांनी उधळताना दिसे. माझ्या मोजणीत त्याचा वायू चिमूटभर.

“म्हातारीचे कान गेलेत,” संचालक म्हणाले. “भंगारात काढा.”

“साहेब, एकदा तपासू द्या,” संशोधिका म्हणाली. तिच्या चिवटपणामुळे सगळे तिला पाठीमागे ‘गोचीड’ म्हणत.

“शुक्रवारी समिती बसतेय. तोवर काय ते उरका, बाई.”

माझ्या सांध्यांना तेलपाणी करणारा मिस्त्री तिचा सख्खा मामा. तो हसून म्हणाला, “गोचीड म्हणतात तुला, माहितीये ना?”

“माहितीये मामा. पण रक्त नाही, आकडे पिते मी.”

तिने माझ्या तारा तपासल्या, यंत्रे तपासली. सगळे ठणठणीत. मग एका दुपारी ती एकदम थांबली. “मामा, ते रिकामं आकाश रिकामंच आहे, हे कुणी बघितलंय?”

“रिकामं म्हणून ठरवलंय, म्हणजे रिकामंच असणार की!”

“हेच, अगदी हेच सगळे म्हणत आलेत!”

वजाबाकीसाठी तिने खूप दूरची जागा निवडली आणि मला शेजारच्या त्या जुन्या ‘रिकाम्या’ आकाशावर रोखले. तिथे त्याच ताऱ्याचा वायू होता! युगानुयुगे उधळत उधळत तो तिथवर पसरला होता, आणि आम्ही मोठ्या शास्त्रशुद्धपणे ताऱ्यातून ताराच वजा करत होतो.

नवी मोजणी घेऊन ती समितीपुढे गेली. वायूचा आकडा आता धुळीशी जुळत होता. वजाबाकीची आधीची जागा, तरुणपणी, संचालकांनीच ठरवली होती. ते तिने सांगितले नाही, त्यांचे त्यांनाच आठवले. भंगाराचा कागद बाजूला सारून ते म्हणाले, “हिला भंगारात काढायचं नाही. बाई, पुढचा तारा कधी मोजताय?”

“आत्ताच, साहेब.”

मित्रांनो, म्हाताऱ्यांना, मग ते यंत्र असो वा माणूस, टाकून देण्याआधी तेलपाणी करा, आणि आपलीच मोजपट्टी एकदा तपासा. ‘इथे काहीही नाही’ असे कुणी अधिकारवाणीने सांगितले, तर तिकडे स्वतः वळून पाहा. मी हल्ली तशाच रिकाम्या जागा पाहत असते. त्या भरलेल्या निघत आहेत.